क्रमांक चौदा

इथल्या पाट्या मीच लिहिते.
लांबी, वजन, अंदाजे साल
आणि खाली, जागा उरली तर,
'कारागीर अज्ञात'.

कसब्यातलं दोन खोल्यांचं संग्रहालय.
कागदगिरणीचा हजेरीबिल्ला, पितळी, ३१७.
विडीचं पान कातरायचा पत्र्याचा फर्मा,
कडा बायकांच्या बोटांनी गुळगुळीत.
कारखान्याचा भोंगा, आता फुंकला
तर नुसती धूळ बोलेल.
चौदा नंबरला हातोडी, मठारकामाची.

मंगळवारी दुपारी एक म्हातारे आले.
वहीत सही : दामोदर निजामपूरकर, तांबट आळी.
म्हटलं, तिकीट पाच रुपये.
म्हणाले, "झालं, झालं, जेवूनच निघालो."
आळीतले बरेच जण असेच,
कान तांब्याला देऊन बसलेले.

चौदापाशी थांबले
आणि काचेवर पेरानं वाजवू लागले,
टक टक टक, जरा दम खाऊन, टक.
'काचेस हात लावू नये'
हीही पाटी माझीच. मी गप्प.

"डावरा होता!" एवढ्या मोठ्यांदा
की दारातला शिपाई जागा झाला.
"मूठ बघा, अंगठा कुठल्या अंगाला झिजलाय.
आळीत डावरा एकच, आमचे अण्णा.
बंबाच्या पोटावर त्यांचे ठोके उलटे वळायचे.
गिऱ्हाईक लांबून ओळखायचं."

पाच वर्षं मी ती मूठ पुसतेय.
तो खळगा मला कीड वाटलेला,
औषधसुद्धा भरलं होतं त्यात.

कागदावर लिहून विचारलं : पूर्ण नाव?
त्यांनी वाचलं. खिशातून सुपारी काढली,
परत ठेवली.
"अण्णाच म्हणायचो.
जुन्या रेशनकार्डावर असेल. बघतो."

त्याला तीन आठवडे झाले.
पाटी बदलायची तर अर्ज तीन प्रतींत,
पुरावा जोडून.
पुरावा म्हणून काय जोडू, टक टक टक?

आमचाही बंब होता.
गीझर आला त्या दिवाळीत आईनं मोडीत घातला,
साडेअकरा किलो भरला.
ठोके कुठे वळलेत
कोण बघतंय तराजूवर.

काल कुलूप लावायच्या आधी
काच सरकवली, हातोडी घेतली,
डाव्या हातात.
खळग्यात माझा अंगठा टेकला,
पण भोवती
बरीच जागा उरली.