पंधरा, सोळा, अठरा

पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेत,
ते वाचायची नोकरी आहे माझी.
पंधरा मीटरला पहिला भोंगा: सामान बांधा.
सोळाला दुसरा: निघा.
अठराला तिसरा. तो वाजला
आणि तुम्ही अजून घरातच असाल
तर मग छपरावर भेटू.

मारिकिनाबद्दल चार ओळी लिहून द्या, म्हणाले नगरपालिकेतले,
पाहुण्यांसाठी पत्रक काढायचंय.
लिहिल्या.
मनिलाच्या काखेतलं जुनं गाव, आता शहर.
पूर्वेला डोंगर, मधोमध नदी, संध्याकाळी काठावर
सगळे पाय मोकळे करायला येतात.
इथे घरोघरी बूट शिवत.
चौथी ओळ सुचेना.
ती माझ्या घरमालकिणीच्या माळ्यावर आहे.

सेवेरिना. वय विचारलं तर चपलेचा नंबर सांगते.
तिचा नवरा होनोरियो गिऱ्हाइकागणिक कलबूत कोरायचा,
टाचेवर पेन्सिलीने नाव.
जज्जसाहेबांचा डावा पाय अर्धा बोट लांब.
शाळेतल्या बाईंच्या अंगठ्याशी हाड वाढलेलं,
तिथे चामड्याचा तुकडा ठोकलेला.
रस्त्यात कुणी भेटलं की होनोरियो आधी खाली बघायचा,
मग ओळख द्यायचा.
लोकांना वाटे, किती नम्र माणूस.

नऊशे लाकडी पाय होते.

त्या सप्टेंबरात खांबावरचे आकडे संपले.
शेवटचा वीस होता.
त्यापुढचं मी अंदाजाने ओरडत राहिलो,
मग ओरडणंही सोडलं.
पाणी माळ्याच्या खिडकीतून आत शिरलं
आणि नऊशे पाय एका रात्रीत चालते झाले,
अनवाणी,
जोडीनेसुद्धा नाहीत.
पासिग नदीतून उपसागराकडे,
जज्जसाहेबांचा लांबडा डावा सगळ्यांच्या पुढे असणार.

गाळ उपसायला महिना लागला.
मग एकेक परत यायला लागले.
एका नावाड्याने तांदळाच्या गोणीत भरून आणले बावीस.
खालच्या वस्तीतली एक मुलगी
दाराला लावायची अडण म्हणून वापरत होती एक;
टाचेवरचं नाव वाचलं आणि घाबरून घेऊन आली.
होनोरियो उन्हात बसून जोड्या लावायचा.
चारशे अकरा आले, त्यांत जोड्या सदतीस.
अडतिसावी लागायच्या आत तो गेला.
आमच्या चर्चमधल्या आईचं नाव
टाकून दिलेल्यांची आई असं आहे.
सेवेरिनाने शवपेटीत त्याला स्वतः शिवलेले बूट घातले,
नाडी मात्र सैल ठेवली.

आता बूट मॉलमध्ये मिळतात, खोक्यात, कुणाच्याही पायाचे.

गेल्या वर्षी विनिपेगहून एक म्हातारा आला, अन्सेल्मो नावाचा.
लग्नात इथलेच बूट घातले होते म्हणे.
माझा पाय आहे का हो तुमच्याकडे?
सेवेरिना वर गेली. बराच वेळ खडखड.
डावा सापडला.
त्याने मोजा काढला, पाऊल लाकडाशेजारी ठेवलं.
पाऊल पसरलेलं, नखं पिवळी, घोट्याला सूज.
लाकूड चोवीस वर्षांचं, लग्नाला निघालेलं.
आणि उजवा?
तो तुमच्याआधीच परदेशी गेला, ती म्हणाली.
म्हातारा हसला. मग कितीतरी वेळ
त्याला मोजा घालता येईना.

पत्रकात हे बसत नाही.
मी चौथ्या ओळीत लोकसंख्या टाकली.

आज रात्री डोंगरात पाऊस आहे.
पाणी गढूळ, त्यावर कुणाची तरी बादली,
केळीचं एक झाड उभंच्या उभं वाहत चाललेलं.
साडेबाराला सेवेरिनाचा फोन.
पाणी किती, असं ती कधीच विचारत नाही.
नंबर काय, विचारते.
चौदा, म्हणालो.
चौदा, ती म्हणाली, जरा थांबून,
मोठ्या माणसाचा पाय आहे.

फोन तिने ठेवला नाही.
मला ऐकू येत होतं,
माळ्यावर ती खालच्या फळीवरचे सगळे
एकेक करून
वरच्या फळीवर ठेवत होती.