फिरतं कपाट

फॉल रिव्हरच्या नॉर्मन सिल्वेराला
खापरपणजोबा हवाय, शक्यतो जहाजाचा कप्तान.
आगाऊ रक्कम पोचली आहे.

ऑर्ताच्या दप्तरखान्यात मी सकाळपासून.
खिडकीत समोरच्या बेटाचा डोंगर
कधी आहे, कधी नाही.
कसरीने पानं कुरतडलीत
नेमकी आडनावं सुरू होतात तिथे.

मग सापडतो. कप्तान नव्हे.
मार्च १८४३, रात्री अकरा:
मठाच्या भिंतीतल्या फिरत्या कपाटात
बाहेरून ठेवलेलं मूल. मुलगा.
अंगाभोवती निळ्या सदऱ्याची एक बाही,
गळ्यात दोऱ्याने अर्धं नाणं.
आई, कोरी जागा. बाप, कोरी जागा.
दाई जसिंता, दरमहा पगारी.

अर्धं नाणं म्हणजे कुणीतरी परत येणार होतं.
पुढची वीस वर्षं चाळली मी,
त्या तासांचे पैसे न लावता.
कुणी आलं नाही.
सातव्या वर्षी दाईचा पगार थांबला.
पण उपासाच्या महिन्यात पाद्री घरोघरची तोंडं मोजायचा,
त्या यादीत जसिंताच्या घरी
एक तोंड जास्तच राहिलं,
पुढे लग्न होऊन निघून जाईपर्यंत.

आता अहवाल. खापर कुणाच्या माथी फोडू?
कप्तान लिहिला तर तो खूश, माझं घरभाडं सुटतं.
सिल्वेरा हे जसिंताच्या नवऱ्याचं आडनाव.
मुळाशी तिचं नाव लिहिते,
रक्ताचं नाही म्हणून पेन्सिलने.
मग शाई घेते.

आठवड्याने नॉर्मनचं एका ओळीचं पत्र:
बाही उजवी होती की डावी?

दप्तर पुन्हा मागवलंय.