भेगेचं टोक

वेहेरोवोच्या एका बाईंकडून, ऐंशी झ्लॉटींत,
लुत्स्यानने माशांची टाकी घेतली,
जुन्या रजईत गुंडाळून बसमधून मांडीवर आणली.
चौथ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबला
ते गुडघ्यांसाठी.
भेग दिसली ती रजई सोडल्यावर,
स्वैपाकघरातल्या ट्यूबखाली.

मागच्या काचेला, वरच्या कोपऱ्यातून तिरकी उतरलेली,
चार बोटं लांब, केसाएवढी.
त्याने नख फिरवलं.
नख अडलं.
नुसता ओरखडा असता तर घसरून गेलं असतं.

एकतीस वर्षं ग्दिन्याच्या गोदीत
त्याने जहाजांचे सांधे जोडले,
पुढची नऊ, इतरांनी जोडलेले तपासले,
खडूने हो किंवा नाही लिहीत.
पोलादाचं सोपं असतं.
तड्याच्या टोकाला भोक पाडायचं,
तडा तिथवर येतो आणि पुढची वाट विसरतो.
काचेला असं समजावता येत नाही.

टाकी नव्वद लिटरची, म्हणजे नव्वद किलो पाणी,
आणि खाली, तिसऱ्या मजल्यावर, पानी ग्राझिना.
तिकडे बाईमाणसाला पानी म्हणतात.
आपल्या कानाला ते भलतंच ऐकू येतं,
पण बेत तोच होता,
पानींच्या डोक्यावर पाणी ठेवायचा.

"फुटेल का?" इगोरने विचारलं. नातू, वय नऊ.
"माहीत नाही."
"मग कुणाला माहीत आहे?"

टाकी न्हाणीच्या टबात ठेवली, खाली वर्तमानपत्रं,
काठोकाठ भरली.
तीन दिवस घरात कुणी अंघोळ केली नाही,
सुनेने मोरीतल्यासारखे पाय धुतले सिंकमध्ये, कुरकुरत.
लुत्स्यान रात्री उठून कागदाला हात लावायचा.
कोरडा. कोरडा.
तिसऱ्या रात्री ओला,
पण तो त्याच्याच बाहीचा थेंब निघाला.
सिलिकॉन अंगठ्याने दाबून पाहिलं,
अजून रबरासारखं, कुठे सुटलेलं नाही.

तरी खडू हातात धरून बसून राहिला.
गोदीत कोरडीठाक असलेली जहाजं
त्याने पाहिली होती.

चौथ्या दिवशी पाणी उपसलं, काच पुसायला घेतली,
तेव्हा क्षारांची पांढरी रेघ दिसली,
चारही भिंतींवर सारखी, अर्ध्याच्या जरा वर.
इथवरच भरत होतं कुणीतरी, वर्षानुवर्षं.
आणि भेग त्या रेघेच्या तीन बोटं वर थांबलेली,
नेमकी एका लाल ठिपक्यापाशी.
आधी त्याला वाटलं, गंजाचा डाग.
खरवडला तर पापुद्रा निघाला, चकचकीत.

वेहेरोवोला फोन लावला.
"ते माझं नेलपॉलिश," पानी यादविगा म्हणाल्या.
"आमच्या ह्यांनी मागून नेलं होतं.
भेग पडली त्या दिवशी तिच्या टोकाला लावलं,
म्हणाले, ही पुढे गेली तर मासे बादलीत.
तेरा वर्षं झाली."
मग जरा वेळाने,
"तुम्ही खरवडलं का ते?"

"थोडंसं," लुत्स्यान म्हणाला.

सुनेकडे निळं होतं फक्त.
उरलेल्या लालावर निळा ठिपका बसला,
बाजूला तारीख, त्याच्या तपासनिसाच्या ठाशीव अक्षरात.
रेघेपर्यंत पाणी. सहा निऑन टेट्रा, एक गोगलगाय
जी कुणी मागितली नव्हती, झाडाबरोबर आली.

"अर्धीच?" इगोर म्हणाला.
"वरची जागा भेगेची."

संध्याकाळी तो एक मजला उतरला,
पानी ग्राझिनांना सगळं सांगितलं,
नख, कागद, रेघ, ठिपका, काही न लपवता.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
चहा विचारला.
मग त्याच्याच मदतीने
आपला टीव्ही त्या भिंतीपासून
पलीकडच्या भिंतीला हलवला.