मेलेलं म्हणजे किती मेलेलं

सांगलीहून समुद्र आंबा घाटापलीकडे.
आमच्याकडे तो पिशवीतून येतो, पांढरी पूड होऊन,
आणि मी तो बादलीत कालवतो,
पीठ कालवावं तसा, गुठळ्या मोडत.

दिवसभर कारखान्याच्या लॅबमध्ये
उसाच्या रसाचा थेंब काचेवर ठेवून डोळा लावतो.
एकोणीस. वीस. अवकाळी झाला की सतरा.
घरी आलो की दुसरी काच, दुसरा थेंब : पस्तीस.
गोडीला आणि खारटपणाला
डोळा तोच लागतो.

सलीम बारगीरकडून सहा आणल्या,
भुईमुगाच्या दाण्याएवढ्या गोगलगाई.
वाळूत बुडून बसतात, वर फक्त सोंड,
वास हुंगत.
"मेलेलं खात्यात," सलीम म्हणाला,
"जित्त्याला हात लावत न्हाईत."
"त्यांना हात कुठायत?" आमची सन्मती.
"त्येच म्हंतोय की मी."

त्रिशला ऐकत होती.
आमचं घर दिवेलागणीच्या आत जेवणारं,
पाणी दुहेरी फडक्यातून गाळणारं.
कोळंबीचा तुकडा आमच्या फ्रीजमध्ये नाही,
सलीमच्या फ्रीजमध्ये आमच्या नावानं डबी आहे.
आणि ह्या सहाजणी जेवायला बसतात
दिवे मालवल्यावर.
ती एवढंच म्हणाली :
मेलेलं म्हणजे किती मेलेलं? आणि ते ठरवतं कोण?

माघात तिसरी पाळी करून सकाळी आलो
तर दोन नारिंगी माशांपैकी एक नव्हता.
होता, म्हणजे काटा होता,
आणि काट्याला सहा.
शेजारच्या मगदूम वहिनी काचेला नाक लावून :
"म्हणतात ते काय खोटंय? गोगलगाय न् पोटात पाय."
खरंच पोटातच पाय असतो त्यांना.
पुस्तकातही तेच लिहिलंय,
पण पुस्तकवाल्याला
त्यात वाईट काही दिसलेलं नाही.

त्या मासळीच्या कल्ल्यांवर चार दिवस पांढरं होतं.
मी पाहिलं होतं. गळीत जोरात होतं.
करू उद्या, म्हटलं होतं.

मग टॉर्चला लाल जिलेटीन गुंडाळून
सलग तीन रात्री स्टुलावर बसलो.
उरलेला मासा कोपऱ्यात तिरका झोपलेला.
त्या त्याच्या शेपटीखालून गेल्या,
एक तर पोटाला घासून गेली,
थांबली, सोंड उचलली,
पुढे गेली.
पहाटे त्रिशलाला सांगितलं.
ती पाणी गाळत होती. फडकं झटकलं नाही,
नेहमीसारखं उलटं करून धुतलं,
अडकलेलं परत पाण्यात जाईल असं.

चौथ्या रात्री सातवी दिसली.
गुहागरच्या सहलीतून सन्मतीनं
कंपासपेटीत लपवून आणलेली,
जांभळ्या पट्ट्यांची, लिंबाएवढी.
तिनं जिवंत शिंपल्याला मिठी मारली होती.
घाई नव्हती. घट्ट होती.
सकाळी दोन्ही झाकणं उघडी, आत चकचकीत.

"पण तीपण गोगलगायच ना?"
हो.
"मग?"
मला उत्तर येईना. त्रिशलाला विचारलं,
तर म्हणाली, तुझी काच काय म्हणते?

सातवी आता लोणच्याच्या बरणीत एकटी राहते,
खाऱ्याच पाण्यात, खिडकीपाशी.
बुधवारी सलीमकडून तिचा तुकडा येतो.
बरणी कुणी स्वयंपाकघरात नेत नाही.
सन्मतीनं तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे :
हिला कुणी रागावू नये.

काल काच पुसायला हात पाण्यात घातला.
बोटाला चीर होती, परवा उसाच्या पात्यानं कापलेली,
मी विसरलो होतो.
मीठ झोंबलं तेव्हा आठवलं.
आणि तेवढ्यात खाली वाळू हलली,
एकीकडे, मग दुसरीकडे,
सहाही सोंडा वर.

हात काढायला हवा होता.
मी काढला नाही.
त्या आल्या, बोटाभोवती थोड्या फिरल्या.
एकीचा स्पर्श ओल्या कागदासारखा.
मग एकेक करून परत वाळूत.

त्रिशला दारातून म्हणाली,
पाच वाजून गेलेत, ताट वाढलंय.