यू नसलेला क्यू

शाळेत बाईंनी शिकवलं होतं,
क्यूच्या मागे यू असायचाच,
शेळीमागे करडू असतं तसा.
मी घरी येऊन बाबांना सांगितलं.
ते वाळका मासा साफ करत होते.
मान वर न करता म्हणाले,
तेहतीस शब्द मला माहीत आहेत
जिथे यू त्याच्या शेजारी नाही.
आणि म्हणून दाखवले,
बाजारातली बाई उधारी म्हणून दाखवते तसे,
एका दमात.

सापेलेच्या प्लायवुड गिरणीत
बाबा तेव्हा करवतीवर होते.
शनिवारी ओनोरिओडे शिंप्याच्या ओसरीत डाव पडायचा,
वीज गेली तर जनरेटरच्या धडधडीत.
पिशवीतला क्यू कधीचा हरवलेला.
बाबांनी लाल लाकडाचा तुकडा तासून नवा केला,
तापल्या खिळ्यानं त्यावर अक्षर डागलं,
पण जरा जाडच झाला तो.
हात घातला की बोटांना लगेच कळायचा.
कळला की सगळे त्याला चुकवून दुसरं काही उचलायचे,
आभाळाकडे बघत,
अगदी सज्जन चेहऱ्यानं.
बाबा मुद्दाम शोधून तोच घ्यायचे.

त्यांची एक वही होती, दोनशे पानी.
झेड असलेले शब्द एका पानावर,
स्वर नसलेले एका पानावर,
ज्यांच्यात व्ही आणि डब्ल्यू दोघे नांदतात
ते अर्ध्या पानावर, थोडेच होते.
अर्थाचा रकाना नव्हता.
अर्थाला गुण मिळत नाहीत, बाबा म्हणायचे.

मी मिशनच्या शाळेतला जाडा शब्दकोश उघडला
आणि एक शब्द त्यांच्यासाठी घरी आणला.
किव्हियूत.
त्यात यू आहे, पण मध्ये तीन अक्षरं सोडून,
बोलणं बंद असल्यासारखा.
म्हटलं, बाबा, बर्फाच्या मुलखात एक बैल असतो,
त्याच्या राठ केसांखाली जी मऊ लोकर असते ना,
ती ही.
बाबा नुसते ऐकत राहिले.

पुढच्या शनिवारी तीच अक्षरं त्यांच्या हाती आली.
मी मागेच बसले होते.
त्यांनी ती ओळीनं लावली,
मग अंगठ्यानं कुरवाळली, एकेक,
आमच्या गावात कोणी लोकर पाहिलेली नाही.
घड्याळ संपलं.
शिंपी जिंकला.
वाटेत बाबा म्हणाले, केव्वे, अर्थ सांगत जाऊ नकोस,
हात जड होतो.

आई पोर्ट हारकोर्टला गेली
त्याला दुसरा ईस्टर येत होता.
तिची कापडं खुंटीवर तशीच.
त्या रात्री बाबांनी एका टोकाला उभा शब्द मांडला,
टी, ए, एल, ए,
आणि खाली, लाल चौकोनावर, आपला जाडा क्यू.
तिप्पट. बेचाळीस.
ओसरी टाळ्यांनी दणाणली,
शिंप्यानं कात्री आपटली.

घरी येताना पुलावर थांबले.
खाली नदी काळी, लाकडाचे ओंडके बांधलेले.
म्हणाले, हा सांग. एवढा एकच.

मी तो दुपारीच बघितला होता.
म्हटलं, पक्षी आहे.
कसला?
लहान. वाळवंटातला. लांब उडतो.
परत येतो का?
मी म्हटलं, शब्दकोशात
तेवढं दिलेलं नव्हतं.

वही आता माझ्याकडे आहे.
चाळीस वर्षांचे शब्द, अर्थ कुठेच नाही,
फक्त एका शब्दापुढे पेन्सिलीनं, बारीक:
पक्षी. असं केव्वे म्हणते.

गिरणीच्या फाटकाशी मालम सानूसी मांस भाजायचा,
उत्तरेकडचा, पाच वेळा नमाज पढणारा.
असले शब्द त्याला घरचेच.
बाबा रोज त्याच्याकडे थांबायचे.
काड्यांवरचं मांस कागदात बांधून झालं तरी
बराच वेळ
दोघं बोलत उभे असायचे.