चार इंच, एकशे दहा मिलिमीटर

आधी वरचा भार धरायचा.
हे मी ब्रॉडीला दर खेपेला सांगते
आणि दर खेपेला त्याला कापायचीच घाई.
चार मजल्यांचं बीड उभं आहे रे या कोपऱ्यात,
खालचा तुकडा काढलास
तर वरचं सगळं तुझ्या टाळूवर येईल.
मग तो मुकाट भिंतीत पट्ट्या ठोकतो.
एकोणीस वर्षांचा आहे. टाळू शाबूत राहायला हवी.

तळमजल्यावरचे स्ट्रॅकन मोरीच्या दारात स्टूल टाकून बसलेत.
वरच्या तिन्ही घरांना तेच सांगून आले:
दहा ते दोन नळ सोडू नका, साखळी ओढू नका.
"माझ्या बापाने ओतलेत असले पाईप," म्हणतात,
"फॉलकर्कच्या भट्टीत. हा नसेल त्यातला.
पण असेलही."
मी पाईपवर बोट फिरवते. रंगाच्या सात थरांखाली
अक्षरं आहेत काहीतरी. लागत नाहीत.

जुन्या जोडातलं शिसं छिन्नीने उचकलं
तर आत तागाची दोरी, डांबरात मुरलेली,
अजून चिवट.
ब्रॉडी वास घेतो, तोंड वाकडं करतो.
त्याच्या पणजीच्या केसांत हाच भुगा असणार,
डंडीत तेव्हा कोणाच्या नव्हता?
मी बोलत नाही. वेळ नाही.

बीड कापत नाहीत, मोडतात.
साखळीचा फास घालायचा,
दांडा आवळत न्यायचा,
काही होत नाही, काही होत नाही, काही होत नाही
आणि टक्क.
एवढ्यासाठी सव्वाशे वर्षं?
तुटलेली कडा करडी, ताजी, साखरेसारखी चमकते.
आत मात्र चार इंचांचे तीनच उरलेत:
गंजाचे फोड, आणि कोणाकोणाचं काय काय.

आता नवा. काखोटीला मारून आणता येतो असा.
एक इंचांत वाढलेला, दुसरा मिलिमीटरमध्ये,
एकमेकांत बसत नाहीत, एकमेकांवरही नाही.
म्हणून मध्ये रबराची बाही,
इकडून ऐसपैस, तिकडून जराशी आखूड.
बिडाची कड कानशीने मार, रबराला ओरखडा नको.
प्लास्टिकला उतार दे, साबणाचं पाणी लाव.
पट्ट्या आलटून पालटून आवळ,
एकीचीच बाजू घेतलीस
तर बाही तिरपी होते नि रात्री तीनला फोन येतो.
आणि खालच्या सॉकेटात बोटाच्या रुंदीएवढी जागा सोड.
गरम पाणी गेलं की हे अंग पसरतं.
बिडासारखं नाही, त्याला सवय नाही गप्प उभं राहायची.

पाऊण वाजता ब्रॉडी वरून ओरडतो, "सोडतो!"
बिडातून येईपर्यंत काही नाही.
मग खळ्ळकन, घरभर.
मी जोडाखाली कागद धरून. कागद कोरडा.
स्ट्रॅकन दचकून उठलेले. "हे काय?"
प्लास्टिक बोलतं, मी म्हणते. काळजी करू नका,
गुंडाळायला लोकर आणलीय, आवाज मरेल.

ते पाईपकडे बघत राहतात.
मग विचारतात, वरची अबेना, नर्स आहे ती,
रात्रपाळीहून घरी पोचली की कळेल का यातून?
कळेल.
आणि वरच्यांची पोरं आंघोळीला घातली की?
तेही. सगळंच कळेल, मिस्टर स्ट्रॅकन. रविवारीसुद्धा.
"मग राहू दे ती लोकर."

बिलातून अठरा पौंड वजा केले.
व्हॅनमध्ये ब्रॉडी विचारत होता, विसरलो का आपण?
बिडाचा तुकडा मात्र त्यांनी ठेवून घेतला
दाराशी, छत्री ठेवायला.
दोनदा धुतला म्हणे.
वास जात नाही.