दोन पूर्णांक सहा

सुपडूअण्णांनी कुंपणाची चावी दिली
तेव्हा एवढंच सांगितलं:
शून्य आणि आडवी रेघ एक नव्हे, पोरी.
शून्य म्हणजे तू गेलीस, पाहिलंस, काही नव्हतं.
रेघ म्हणजे त्या दिवशी कुणी पाहिलंच नाही.

म्हणून रोज आठला मी जाते
तलाठी कार्यालयामागे, तारेच्या कुंपणात.
नरसाळं फिरवून काढते,
आतली बाटली उजेडात धरते.
कधी मुंगळा असतो, कधी लिंबाचं पान,
एकदा चिमणीचं पीस, कोरडंठाक.
मुंगळ्यासाठी रजिस्टरात रकाना नाही.
मी लिहिते: ०.०
शेजारी सही.

बुराईच्या पलीकडे मंडळ बदलतं.
परवा रात्री तिकडे विजा दिसत होत्या,
इकडे पत्र्यावर नुसता वारा.
सकाळी फोनवर तिकडचा आकडा आला, अठरा.
ढगाला महसूलचा नकाशा कुणी दाखवला कोण जाणे,
नदीच्या कोरड्या पात्रात येऊन थांबला,
वाळूच्या ट्रॅक्टरासारखा.

श्रावण असाच गेला.
मुगाच्या शेंगा दाबल्या तर आत हवा.
पंचायतीच्या भिंतीवर पोरांनी
खडूने दिवस मोजायला घेतले.
एकवीस भरले की खंड पक्का,
खंड पक्का की विम्याचा कागद जागचा हलतो.
पण मध्येच अडीच मिलिमीटर पडला
तर तो पावसाचा दिवस.
मग पुसा भिंत, पुन्हा एकपासून.

विसाव्या रात्री पडला.
पडला म्हणजे,
अंगणातली धूळ उठून बसली आणि परत झोपली.
खाटेवरची गोधडी आत नेईपर्यंत संपलाही.

सकाळी कुंपणाबाहेर माणसं.
गजमल, हिलालभाऊ, डेअरीत दूध घालून आलेली पोरं,
कॅन हातातच.
मी बाटलीतलं पाणी मापात ओतलं.
मापावर दोन-दोन दशांशांच्या रेघा.
दोन पूर्णांक चार, मग एकदम दोन पूर्णांक सहा.
मधल्या जागेत लिहिता येत नाही.

"केसरमाय, जराशी खाले वाक,"
गजमल तारेतून हळूच म्हणाला,
"एक रेघनी ते बात शे."

त्याला कुणी शिकवलं माहीत नाही, पण बरोबर होतं.
उभ्याने पाहिलं तर पाणी जास्त दिसतं,
खालून पाहिलं तर कमी.
डोळा पाण्याच्या सपाटीत आणावा लागतो,
त्यासाठी मला गुडघे टेकावे लागतात,
आणि आता उठताना कुंपणाचा खांब धरावा लागतो.

मी टेकले. पाहिलं. पुन्हा पाहिलं.
मग वाटलं, कुण्या पोराने मजेत ओतलं असेल.
आमच्या हापशाचं पाणी खारं, चहा फाटतो त्यात.
बोट बुडवून जिभेवर ठेवलं.
खारं निघ, मनात म्हणत होते, खारं निघ.
अकरा वर्षं पाऊस मोजणारी बाई मी,
आणि मागत काय होते!

चवच नव्हती त्याला.
वरचंच होतं.

लिहिलं: २.६
हिलालभाऊंनी खांद्यावरच्या टॉवेलने भिंत पुसली.
मला कुणी बोललं नाही.
गजमलने जाताना कुंपणाचं फाटक लावून घेतलं,
शेळ्या शिरू नयेत म्हणून, रोजच्यासारखं.

दुसऱ्या दिवशी ०.०
भिंतीवर: १.

दुपारी कपाटातली जुनी रजिस्टरं काढली.
अण्णांच्या हातची तेवीस वर्षं,
निळी शाई, पुढे पुढे जांभळी.
शून्यंसुद्धा गोल, घोटलेली.
आणि एका सप्टेंबरात, अठरा तारखेला,
एकच आडवी रेघ.
शेऱ्याचा रकाना रिकामा.

मी तिच्यावरून बोट फिरवलं.
कागद तिथे जरा दबलेला होता,
पेन बराच वेळ टेकवून ठेवल्यावर दबतो तसा.